चमचेवाल्याची मुलगी

पॉलिशबाई वर्गात खोटं बोलायला शिकवत नव्हत्या. त्या खरंच बोलायला शिकवायच्या, फक्त ते आधी घासूनपुसून घ्यायचं. 'दोन वर्षं बेकार होतो' असं म्हणायचं नाही, 'स्वतःच्या विकासासाठी वेळ घेतला' म्हणायचं. 'साहेबाशी भांडून नोकरी सोडली' नाही, 'नव्या संधी खुणावत होत्या'. बाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेत नसे. शाश्वत व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गाला त्या करिअरची तयारी हा विषय शिकवत, आणि मुलं त्यांना मागून पॉलिशबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

शाश्वत व्यवस्थापन म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावण्यातच या मुलांची दोन वर्षं गेली होती. कंपनीनं कमवावं, पण हवापाण्याचं वाटोळं न करता कमवावं, आणि उद्या येणाऱ्या माणसांसाठी काहीतरी शिल्लक ठेवावं, एवढं साधं ते. सगळं शांतपणे ऐकून घेऊन काका-मावश्या शेवटी एकच विचारायच्या, "पण त्यात नोकरी मिळते का?"

मिळायची, पण त्यासाठी उद्योग दिनाच्या तोंडी जावं लागायचं. या संस्थेची पद्धतच राक्षसी. इतरत्र मुलाखत बंद खोलीत होते, इथं ती भर सभागृहात व्हायची. मंचावर उद्योगातले पाहुणे, त्यांच्यासमोर खुर्चीत उमेदवार, आणि खाली सगळा वर्ग बघायला. एकाचं बघून दुसरा शिकतो, असं प्राचार्य म्हणत. एकाची फजिती बघून दुसऱ्याची झोप उडते, असं मुलं म्हणत.

दरवर्षीप्रमाणे यंदाही एक सल्लागार कंपनी येणार होती. कारखान्यांत जाऊन, तिथल्या यंत्रांपाशी उभं राहून, घाण कमी कशी करायची ते सांगणारी. जागा एकच, आणि शेवटच्या फेरीत पोचले होते दोघं. एक कंपोस्ट नावानं ओळखला जाणारा मुलगा, आणि दुसरी धाकटी.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. आई फोनवर "धाकटे, जेवलीस का?" असं ओरडायची ते एकदा अख्ख्या वर्गानं ऐकलं, आणि तेव्हापासून ती तिथंही धाकटीच झाली. तिला ही नोकरी हवी होती. हवी होती म्हणजे कशी, तर पहिल्या दिवसापासून तिनं दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. कारण ही मिळाली नाही तर काय, ते तिला पक्कं माहीत होतं. वडिलांनी कारखान्याच्या ऑफिसात, खिडकीपाशी, तिच्यासाठी टेबल टाकून ठेवलं होतं. त्यावर काच, आणि काचेखाली तिचा शाळेतला दोन वेण्यांचा फोटो. टेबल रागानं मांडलेलं असतं तर तिनं एका वाक्यात नाकारलं असतं, पण ते मायेनं मांडलेलं होतं.

कारखाना प्लॅस्टिकच्या चमच्यांचा होता.

आता पॉलिशबाईंच्या वर्गात पहिल्या वर्षीच प्रत्येकाला स्वतःची एक गोष्ट तयार करावी लागायची. तुम्ही या वाटेला का आलात, ते सांगणारी. कंपोस्टची गोष्ट ऐकून ऐकून सगळ्यांना पाठ झाली होती. लहानपणी त्यानं बागेत खड्डा खणून भाज्यांची सालं पुरली, काही दिवसांनी उकरून बघतो तर काळीभोर माती, आणि त्याचे डोळे भरून आले. डोळ्यांत माती गेली असेल, असं धाकटीचं मत होतं.

तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "माझे वडील प्लॅस्टिकचे चमचे बनवतात. एकदा वापरून फेकायचे. शाळेला सुट्टी लागली की मी पॅकिंगला बसायचे. आमच्या घरामागच्या नाल्यात चमचे तुंबायचे. त्यांच्या दांड्यावर आमच्या साच्यातलं फूल असायचं, त्यामुळे ते आमचेच, हे ओळखायला यायचं. म्हणून मी इथं आले."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पॉलिशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण हे बोलायचं नाही."

"का?"

"कारण ऐकणारा पहिल्या वाक्यालाच अडकतो. तुझ्या नाल्यापर्यंत तो पोचतच नाही. आपण असं लिहू." आणि बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'खाद्यसेवा क्षेत्रासाठी साधनांची निर्मिती करणाऱ्या उद्योजक कुटुंबात जडणघडण.'

"यात चमचा कुठाय?"

"नाहीये ना? झालं तर मग."

एरवी धाकटी असल्या गोष्टीवर जेवण टाकून भांडली असती. घरात तिचा लौकिकच तसा होता, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पण या वेळी तिनं नोकरीचा विचार केला, फळ्यावरचं वाक्य आपल्या माहितीपत्रात उतरवलं आणि खाली सही ठोकली. त्या दिवसापासून संस्थेत कुणी वडिलांबद्दल विचारलं की ती 'खाद्यसेवा क्षेत्र' म्हणून मोकळी व्हायची. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसा प्रकार. पहिल्यांदा जीभ अडखळली. मग सवय झाली.

घोटाळा झाला तो त्या वाक्यानंच. उद्योग दिनाला मंचावर तीन पाहुणे बसायचे. एक सल्लागार कंपनीच्या संचालिका, एक बँकेतले साहेब, आणि तिसरे ऐनवेळी आजारी पडले. प्राचार्यांच्या ऑफिसनं विचार केला, एखाद्या विद्यार्थ्याचे उद्योजक पालकच बोलवावेत, पुढेमागे संस्थेला उपयोगी पडतील. त्यांनी मुलांची माहितीपत्रं चाळली. धाकटीच्या ओळीवर बाईंनी इतकं पॉलिश चढवलं होतं की ऑफिसातल्या माणसाला त्यात सरळ मोठा उद्योगपती दिसला. ही मुलगी त्याच दिवशी मुलाखतीला बसणार आहे, हे बघायला कुणाला फुरसत होती? निमंत्रण तडक कारखान्यावर गेलं.

संध्याकाळी धाकटी घरी आली तर बाबा आरशासमोर टाय बांधत होते. घरात, आणि चपला घालून.

"बघ, बघ!" त्यांनी तिच्यासमोर निमंत्रण नाचवलं. "मान्यवर उद्योजक! तुझ्या कॉलेजनं मला बोलावलंय. मंचावर!"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, तुम्ही नका येऊ."

"का बरं?"

"तिथं सगळे प्लॅस्टिकच्या विरोधात आहेत."

"मग तर यायलाच हवं. विरोधातल्या गिऱ्हाइकाला माल विकतो तोच खरा धंदेवाला." मग आरशातूनच तिच्याकडे बघत म्हणाले, "आणि विरोधात कशाला असतील? टिकाऊ विकासच शिकवतात ना तुम्हाला? आमच्या चमच्याइतकं टिकाऊ जगात दुसरं काय आहे? आपण सगळे मरू, तो राहील."

"तेच तर रडगाणं आहे, बाबा!"

दादा दारात उभा राहून हे ऐकत होता. तो बाबांबरोबर कारखाना बघायचा. "धाकटे," तो म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजायला दोन वर्षं लागली तुला. आता निदान ते मोठ्यानं मोजू नकोस."

आई बाबांच्या कोटाची बाही झटकत होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून धाकटीचे पुढचे शब्द गिळले गेले. तिनं सांगायला हवं होतं, बाबा, मी तुम्हाला तिथं लपवून ठेवलंय. ते सांगायची हिंमत तिला झाली नाही, आणि स्वतःचा असा राग तिला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं पॉलिशबाईंना गाठलं. बाईंनी डोक्याला हात लावला. निमंत्रण मागे घ्यावं तर ऑफिसची चूक उघडी पडणार, आणि सगळ्यांचीच माहितीपत्रं प्राचार्य पुन्हा तपासायला घेणार. त्यात किती जणांवर किती पॉलिश चढलंय, ते बाईच जाणे.

"त्यांना येऊ दे," बाई शेवटी म्हणाल्या. "मात्र तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नाही. तू त्यांना सर म्हणायचं. मी बोलते त्यांच्याशी. इथं हे व्यावसायिक शिस्तीत बसतं."

"बाबांना सर म्हणू?"

"नोकरी हवी आहे ना?"

धाकटीला वाटलं, बाबा तरी याला नकार देतील. कसलं काय! त्यांना नाटकाची हौस फार. बाईंचा फोन येऊन गेल्यापासून ते घरभर अनोळखी होऊन फिरायला लागले. "आपण कोण, ताई? यापूर्वी आपली भेट झालेली दिसत नाही," असं जेवताना विचारायचे, आणि स्वतःच खो खो हसायचे. आई म्हणायची, "पुरे आता, ठसका लागेल." धाकटी ताट उचलून आत जायची. हे नाटक कशासाठी चाललंय, याची त्यांना कल्पना नव्हती. परीक्षेत पक्षपात नको, एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं.

उद्योग दिन उजाडला. सभागृह गच्च भरलं. बाबा आले ते कोट घालून, टाय अंमळ आवळून, आणि मागे दादा दोन खोकी घेऊन. धाकटीला मंचाच्या बाजूच्या दारातून ती खोकी दिसली आणि तिनं कपाळावर हात मारला. बाबांचा धंद्यातला एक नियम होता. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, नमुना घेऊन जायचं. लग्नाच्या बोलणीलासुद्धा ते नमुना घेऊन गेले होते, असं आई सांगायची.

त्यांनी मंचावरच्या प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक पाकीट ठेवलं. पारदर्शक पिशवी, आत चमचा, काटा, सुरी आणि कागदी रुमाल, वर कारखान्याचं नाव. मग खाली उतरून पहिल्या रांगेत वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रांगेतली एक मुलगी पाकीट मेलेल्या झुरळासारखं चिमटीत धरून बघत राहिली. मागून खसखस पिकली. प्राचार्यांना खोकल्याची उबळ आली. पॉलिशबाईंनी डोळे मिटून घेतले.

बाबांना वाटलं, पोरं खूश झाली. ते हसत हसत आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

आधी कंपोस्टला बोलावलं. संचालिका ठेंगण्या, शांत, डोळ्यांनी मोजमाप घेणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पुढ्यातलं पाकीट दोन बोटांनी उचललं. "आयता विषय मिळाला," त्या म्हणाल्या. "हे बनवणाऱ्या माणसाला तुम्ही काय सांगाल?"

कंपोस्ट सुटलाच. तो तसा वाईट मुलगा नव्हता, पण टाळ्या कुठं पडतात ते त्याला बरोबर कळायचं. "असल्या माणसांना काही सांगून उपयोग नसतो, मॅडम," तो म्हणाला. "असल्या माणसांना आजचा फायदा दिसतो, उद्याची मुलं दिसत नाहीत. असली माणसं नद्या तुंबवून ठेवतात आणि वर कोट घालून समाजात मिरवतात. असल्यांना लाज वाटली पाहिजे." टाळ्यांचा कडकडाट झाला. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण इथं सून समोरच बसली होती.

बाबा सुरुवातीला मान डोलवत होते. 'असली माणसं' म्हणजे दुसरीच कुणीतरी, असंच त्यांना वाटलं. मग 'कोट' ऐकलं. त्यांनी आपल्या कोटाकडे पाहिलं. धाकटी दारातून बघत होती. बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते कुठं ठेवावं हे न कळल्यासारखं थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यांनी हळूच हात लांब करून शेजारच्या बँकवाल्या साहेबांपुढचं पाकीट उचललं, आपल्यापुढचं उचललं, आणि मांडीवर घेऊन बसले.

तेवढ्यात धाकटीला बोलावलं गेलं.

खुर्चीत बसल्यावर बाबा तिच्यापासून इतके जवळ होते की त्यांच्या कोटाचा वास येत होता. कितीही धुतला तरी त्याला वितळलेल्या प्लॅस्टिकच्या दाण्यांचा वास असायचाच. ते तिच्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"तुमच्याबद्दल सांगा," संचालिका म्हणाल्या.

"खाद्यसेवा क्षेत्रासाठी..." धाकटीनं सुरुवात केली. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं, तरी पुढे सरकेना. घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

संचालिकांनी हातातल्या कागदावरून नजर फिरवली, मग टेबलावरच्या नावाच्या पाट्यांवरून. "एक मिनिट," त्या बाबांकडे वळल्या. "तुमचं आणि या उमेदवाराचं आडनाव एकच दिसतंय. नात्यातल्या आहेत का?"

"छे छे, मॅडम," बाबा म्हणाले. "मी ओळखत नाही यांना. आमचं आडनाव पुष्कळांचं असतं."

घरात दहादा हसत हसत म्हटलेलं वाक्य होतं ते. पण या वेळी ते नाटकासाठी म्हणत नव्हते. मघाशी जे ऐकलं त्यावरून त्यांना सगळा उलगडा झाला होता. आपल्याला सर का म्हणवलं, मुलीनं 'येऊ नका' का म्हटलं, सगळा. आणि तो झाल्यावर या माणसानं एकच गोष्ट केली. मुलीला आपला डाग लागू नये म्हणून तो खुर्चीतल्या खुर्चीत जरा बाजूला सरकला.

ते सरकणं धाकटीला सहन झालं नाही.

"खोटं आहे हे," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की माइकनं शिट्टी मारली. "ते माझे वडील आहेत."

बाबा पुटपुटले, "अगं, बाईंनी सांगितलंय ना..."

"मरू दे ते!" ती उभी राहिली. "माझ्या कागदावर जे खाद्यसेवा क्षेत्र लिहिलंय ना मॅडम, ते म्हणजे हे चमचे. तुमच्या पुढ्यात आहेत तेच. यांच्यावर मी वाढले, यांच्यावर शिकले. आणि मघापासून 'असली माणसं, असली माणसं' चाललंय, तर असली माणसं म्हणजे हे एक माणूस आहे. इथं बसलंय. काय बोलायचं ते त्यांच्याकडे बघून बोला."

कंपोस्टनं मान खाली घातली.

"आणि या सभागृहात असं कोण आहे, ज्यानं असल्या चमच्यानं कधी खाल्लं नाही? हात वर करा."

कुणाचाच हात हलला नाही. मग कंपोस्टचा वर गेला, थोडा वेळ राहिला आणि हळूहळू खाली आला. "प्रवासात एकदा," तो कसाबसा म्हणाला. हसू फुटलं, पण लगेच विरलं.

संचालिका जागच्या हलल्या नव्हत्या. "म्हणजे तुम्ही वडिलांच्या धंद्याची बाजू घेताय?"

"नाही."

"मग समजा, आम्ही तुम्हाला उद्या यांच्याच कारखान्यात पाठवलं. यांना काय सांगाल?"

आता बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हे ती घरी शंभरदा बोलली होती, पण ओरडून, पाय आपटून, आणि त्यांनी ते दर वेळी हसण्यावारी नेलं होतं. इथं ना तिला ओरडता येत होतं, ना त्यांना हसता. तिला वाटलं, आता गप्प बसलं तर मघाशी घेतलेली त्यांची बाजू नुसती माया ठरेल, आणि तिला नुसती माया दाखवायची नव्हती.

"चमच्यांचं मशीन बंद करा, असं सांगेन." ती संचालिकांकडे न बघता बोलत होती. "बाबा, ते बंद व्हायलाच हवं. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. चमचा वाईट आहे. दोन घास खायचे आणि फेकायचा, आणि मग तो आपल्याच नाल्यात. त्याच कारखान्यात जाड ताटल्या निघतील. कॅन्टीनला द्यायच्या, परत आणायच्या, धुवायच्या, पुन्हा द्यायच्या. माझा सगळा प्रबंध त्यावर आहे. तुम्ही एक पान वाचलं नाहीत."

"परत येणाऱ्या मालात कसला आलाय धंदा?" बाबा सवयीनं बोलून गेले.

"बघा! घरीही हेच."

"आणि धुणार कोण? पाणी कुठलं?"

"त्याचं उत्तर तिसऱ्या प्रकरणात आहे."

"असणारच! तुझ्याकडे कधी उत्तर नव्हतं?"

प्राचार्यांनी घंटी वाजवली. ती दोन-तीनदा वाजवावी लागली.

निकाल जेवणाच्या सुट्टीआधीच लागला. संचालिकांनी माइक हातात घेतला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "या मुलीचं उत्तर मला आवडलं. पण आमचं काम विश्वासावर चालतं. जिनं स्वतःच्या माहितीपत्रात गोष्ट लपवली, तिला मी कारखान्यांचे दोष शोधायला पाठवू शकत नाही. जागा त्या मुलाला."

पहिल्या रांगेत पॉलिशबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. धाकटीच्या एका शब्दानं त्यांचं सगळं उघड्यावर आलं असतं. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाही.

"बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली. "सही माझीच आहे. पण अशी सही मी पुन्हा करणार नाही. नोकरीसाठीही नाही." आणि ती मंचावरून उतरली. दोन वर्षं ज्या जागेसाठी जीव टाकला ती हातची गेली होती. तिला रडू येत होतं, आणि ते लपवायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

बाबा बाहेर गाडीपाशी होते. दादा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला होता, आणि बाबा उरलेली पाकिटं खोक्यात भरत होते, एकावर एक, नीट रचून.

"चार लोकांत बापाचं मशीन बंद करायला निघालीस," ते वर न बघता म्हणाले.

"हो."

"आणि नोकरीही घालवलीस."

"हो."

"तुला ओळखत नाही म्हणालो मी." खोक्याचं झाकण त्यांना लागेना. "जीभ कशी वळली कोण जाणे."

"माझी दोन वर्षं वळत होती, बाबा," धाकटी म्हणाली.

त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. राग होता, दुखावलेपण होतं, आणि त्यांना ते झाकायला जमत नव्हतं. "चल घरी," ते शेवटी म्हणाले. "आई वाट बघत असेल."

"जेवल्याशिवाय नाही."

"मी नाही येत आता तिथं. शोभा झाली तेवढी पुरे."

"तुम्ही पाहुणे आहात. निमंत्रण आहे तुम्हाला." तिनं त्यांचा दंड धरला. ते मागे ओढत होते आणि ती पुढे. कोटाची शिवण उसवायची वेळ आली तेव्हा कुठं ते चालायला लागले.

अंगणात लांब टेबलांवर जेवण मांडलं होतं. लोक घोळक्यानं उभे होते. या दोघांना बघून बोलणं थांबलं. धाकटी पहिल्या घोळक्यापाशी जाऊन उभी राहिली. "हे माझे वडील," तिनं खणखणीत आवाजात सांगितलं. "प्लॅस्टिकचे चमचे बनवतात. मी ते बंद करायला लावणार आहे." घोळक्यातल्या माणसांना काय करावं कळेना. एकानं हात पुढे केला, मग बाकीच्यांना करावाच लागला. धाकटी पुढच्या घोळक्याकडे वळली. तिथंही तेच वाक्य, शब्दाचाही फरक नाही. कंपोस्टपाशी तर ती मुद्दाम थांबली. त्यानं बाबांचा हात दोन्ही हातांत धरला, लालबुंद झाला, आणि "सर, मघाशी मी..." एवढंच त्याला बोलता आलं. बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. पॉलिशबाईंनी सवयीनं सुरू केलं, "आपण खाद्यसेवा..." तर बाबा म्हणाले, "चमचे, मॅडम. चमचे."

एव्हाना त्यांची मान ताठ झाली होती. पण तोंडातून दुसरा शब्द निघत नव्हता. मुलगी बोलत होती आणि ते हात मिळवत होते.

शेवटी ती संचालिकांसमोर जाऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हातानं तिला थांबवलं.

"मॅडम, मघाशी मी खोटं बोललो," ते म्हणाले. आवाज भरून आला होता आणि त्याला रागाची धारही होती. "ही माझी मुलगी. माझ्या कारखान्याला टाळं लावायला निघालीय. मी लावू देणार नाही. पण लावेल, सांगता येत नाही. फार हट्टी आहे. माझ्यावर गेलीय."

"टाळं नाही हो, बाबा," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "फक्त चमच्यांचं मशीन."

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. "मी ओळख करून देतोय."